मदत हवी आहे: फिनिशचा पार्टिटिव्ह, परीक्षा गुरुवारी

हिमकण
नमस्कार. फिनिश शिकतेय. पार्टिटिव्ह ही विभक्ती काही केल्या डोक्यात शिरत नाहीये. नियम पाठ आहेत, पण वाक्य लिहायला घेतलं की चुकतंच. गुरुवारी परीक्षा आहे. इथे कुणी फिनलंडमध्ये राहून शिकलं असेल तर काय केलंत ते लवकर सांगा. कृपया ॲप सुचवू नका.

मृदगंध
कुठली परीक्षा? विद्यापीठातली की नागरिकत्वासाठीची? कितवी पातळी? चुकलेलं एखादं वाक्य द्या, म्हणजे नेमकं काय बिघडतंय ते कळेल.

भटका_जीव
नागरिकत्वासाठी असेल तर यूकी या राष्ट्रीय भाषा परीक्षेत सहापैकी किमान तिसरी पातळी लागते. नोंदणी सुरू झाल्या झाल्या अर्ज भरा, जागा भराभर संपतात. बोलणं आणि लिहिणं दोन्हीची तयारी ठेवा.

हिमकण
नागरिकत्व नाही हो! मास्टर्सला आहे, हेलसिंकीत. पाच क्रेडिटांचा कोर्स आहे. यूकीचं नंतर बघू.

तांपेरेवासी
ताई, व्याकरण बाजूला ठेवा. मी सहा वर्षं इथे आहे. 'मी आहे'ला वर्गात शिकवतात 'मिनॅ ओलेन', रस्त्यावर सगळे म्हणतात 'मॅ ओऽन'. 'आम्ही जातो'ला वर्गात 'मे मेनेम्मे', बाहेर 'मे मेन्नॅऽन'. पुस्तकी भाषा घोकून मी पहिलं वर्ष वाया घालवलं. वाचनालयात भाषा-कॅफे असतात, तिथे जाऊन बसा. चुकलं तरी बोला. पार्टिटिव्ह आपोआप येतो.

शब्दवेडा
आपोआप येतो, पण गुरुवारपर्यंत नाही. त्यांना लेखी पेपर द्यायचा आहे.

तांपेरेवासी
लेखी आहे असं त्या कुठे म्हणाल्या?

हिमकण
लेखी आहे, थोडं ऐकून लिहायचं पण आहे.

कोकणकडा
मी म्हणेन स्वीडिश शिका. तीसुद्धा तिथली अधिकृत भाषा आहे आणि इंग्रजी येणाऱ्याला सोपी जाते. पंधरा विभक्तींशी कशाला झगडायचं?

तांपेरेवासी
दादा, स्वीडिश मातृभाषा असलेले लोक इथे साधारण पाच टक्के. ओस्त्रोबोथनियाच्या किनाऱ्यावर राहायचं असेल तर उपयोग होईल. हेलसिंकीत नोकरीच्या जाहिरातीत फिनिशच मागतात.

शब्दवेडा
हिमकण, मी दोन वर्षं ओउलूला होतो. मला उलगडा झाला तो मराठीतून, इंग्रजीतून नाही. इंग्रजीत समजून घेत असाल तर ते आधी सोडा. बघा:

'मिनुल्ला ओन' म्हणजे 'माझ्याकडे आहे'. इंग्रजीसारखं वेगळं क्रियापद नाही, आपल्यासारखीच रचना. 'तालोन ताकाना' म्हणजे 'घराच्या मागे': आधी षष्ठी, मग शब्दयोगी अव्यय. प्रश्नाला आपण 'का' लावतो, ते 'को' लावतात: 'तुलेत्को?' म्हणजे 'येतेस का?'

नकार तर इतका जवळचा आहे की मी वर्गात हरखून गेलो होतो. आपण म्हणतो नाही, नाहीस, नाहीत. ते म्हणतात एन, एत, एइवॅत. नकारच कर्त्याप्रमाणे बदलतो. आणि 'नको-नका'ला 'ॲलॅ-ॲल्कॅऽ'!

विभक्ती लागताना शब्द आतून बदलतो म्हणून बाकीची मुलं रडकुंडीला यायची. आपण देऊळ-देवळात, पाऊस-पावसात लहानपणापासून करतोय. तसंच काउप्पा-काउपास्सा (दुकान-दुकानात), कातु-कादुल्ला (रस्ता-रस्त्यावर). तुर्कु शहरात म्हणजे तुरुस्सा, 'क' चक्क गळतो. याला सामान्यरूप म्हणा, भीती जाते.

पैलतीर
फिनिश आणि द्राविडी भाषा एकाच मुळातल्या आहेत असं वाचलंय. म्हणून ही साम्यं असावीत.

शब्दवेडा
तसं सिद्ध झालेलं नाही. फिनिश युरालिक कुळातली, एस्टोनियन तिची जवळची बहीण, हंगेरियन लांबची. साम्य रचनेचं आहे, नात्याचं नाही.

मृदगंध
सगळं छान, पण पार्टिटिव्ह राहिला. आणि हिमकण, तुमचं वाक्य?

हिमकण
हं. 'लुएन किर्यान' लिहिलं, बाईंनी 'लुएन किर्याऽ' केलं. पुढच्या प्रश्नात 'लुएन किर्याऽ' लिहिलं तर तिथे 'किर्यान' हवं होतं. दोन्हीचा अर्थ 'मी पुस्तक वाचते'च ना? मग?

शब्दवेडा
इथेच गाठ आहे. 'लुएन किर्याऽ' हा पार्टिटिव्ह, म्हणजे पुस्तक वाचतेय, चालू आहे, संपेल न संपेल. 'लुएन किर्यान' म्हणजे पुस्तक वाचून काढेन. हे 'काढणं' मराठीत क्रियापदात दिसतं, फिनिशमध्ये कर्माच्या शेपटीत. त्यांच्याकडे वेगळा भविष्यकाळ नाही, तेही काम बऱ्याचदा ही शेपटीच करते. म्हणून दोन्ही प्रश्नांत मागचं-पुढचं वाक्य काय होतं ते बघा. एकात 'आत्ता' आणि दुसऱ्यात 'आज रात्री' असं काही असेल.

हिमकण
दुसऱ्यात 'उद्यापर्यंत' होतं!!

मृदगंध
म्हणजे हे दुसऱ्या कोर्सचं आहे. पहिल्या कोर्सात असा फरक विचारत नाहीत, तिथे आकडे आणि नकार एवढंच असतं. पहिला कोर्स केलात ना?

हिमकण
नाही. वर्षभर ॲपवर शिकले होते. प्रवेश चाचणी दिली आणि थेट दुसऱ्यात बसवलं.

मृदगंध
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं! तुमचा पाया तिथे सुटलाय. आज हे दोनच करा. एक: आकड्यानंतर. 'काक्सि काह्विआ' म्हणजे दोन कॉफ्या, पण शब्द एकवचनातच राहतो. मराठीच्या सवयीने अनेकवचन करू नका. दोन: नकारात कर्म नेहमी पार्टिटिव्ह. हे दोन पक्के झाले की शब्दवेडांनी सांगितलेला तिसरा घ्या.

तांपेरेवासी
काही क्रियापदांना पार्टिटिव्हच लागतो, तेही घ्या. 'ओदोतान बुस्सिआ', बसची वाट बघतेय. 'राकास्तान सिनुआ', माझं तुझ्यावर प्रेम आहे. वाट बघणं, प्रेम करणं, मदत करणं, यांत क्रियेचा शेवट होत नाही, असं धरा.
आणि ऐकून लिहायचंय तर ऱ्हस्व-दीर्घाकडे कान ठेवा. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे जकात. 'तापाऽन सिनुत' म्हणजे तुला भेटेन, 'तापान सिनुत' म्हणजे तुला ठार मारेन.

शब्दवेडा
हे मात्र शंभर टक्के. ऐकण्यासाठी यूले या सरकारी प्रसारण संस्थेच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या लावा, सावकाश वाचतात.

तांपेरेवासी
बघा, मीही ऐकाच म्हणत होतो.

अंगतपंगत
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण भाचा ऑगस्टमध्ये हेलसिंकीला येतोय. तूरडाळ मिळते का तिथे?

तांपेरेवासी
काकू, हाकानिएमि भागात आशियाई किराणा दुकानं आहेत, तिथे मिळते. गोडा मसाला मात्र घरून आणायला सांगा.

हिमकण
बसून लिहिली. तपासता का?
१. मिनुल्ला एइ ओले आउतो. (माझ्याकडे गाडी नाही)
२. ओस्तान कोल्मे किर्याऽ. (तीन पुस्तकं विकत घेते)
३. ओदोतान बुस्सिन.
४. एन युओ काह्विआ. (मी कॉफी पीत नाही)

मृदगंध
दुसरं आणि चौथं बरोबर. पहिल्यात नकार आहे, म्हणून 'आउतोआ'. तिसऱ्यात वाट बघताय, म्हणून 'बुस्सिआ'. सकाळपेक्षा खूपच बरं आहे.

हिमकण
आभारी आहे!! आता पार्टिटिव्हच्या अनेकवचनाचं काय? तालो-तालोया, पण किर्या-किर्योया? आ चा ओ का होतो?

मृदगंध
ते गुरुवारच्या पोर्शनमध्ये आहे का? तेवढं सांगा आधी.