मदत हवी आहे: प्रयोगशाळेतून पेटंट वकिलीकडे जाताना एलएलबी करावेच लागते का?

अनगोळकर
मी बेळगावात राहतो. जैवतंत्रज्ञानात नऊ वर्षे काम केल्यानंतर आता पेटंट अॅटर्नी होण्याचे ठरवले आहे. एलएलबीच्या प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते, त्यामुळे प्रवेश घ्यावा की घेऊ नये, एवढेच सांगावे. सर्वसाधारण उपदेश कृपया नको.

चेन्नई फेरी
आपली पदवी कोणती, नोकरी चालू आहे की सोडली, आणि न्यायालयात उभे राहायचे आहे की अर्ज लिहायचे आहेत, यांपैकी काहीही न सांगता उत्तर मागणे म्हणजे नमुना न पाठवता तपासणीचा अहवाल मागण्यासारखे आहे. तरी मूळ मुद्दा सांगतो. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम १२६ मध्ये आहे तो पेटंट एजंट, म्हणजे इतरांसाठी पेटंटचे अर्ज लिहून पेटंट कार्यालयात चालवणारा. त्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पात्रता परीक्षा लागते. कायद्याची पदवी लागत नाही. शंभर गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि पन्नास गुणांची तोंडी परीक्षा असते. प्रत्येक पत्रिकेत किमान ५० गुण आणि एकूण ६० टक्के मिळवावे लागतात.

खानापूरचा वकील
हे अर्धसत्य आहे. २०१८ नंतर ही परीक्षा थेट २०२३ मध्ये झाली. तेवढ्या काळात एलएलबी पूर्ण होऊन सनदही हातात आली असती. शिवाय २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून पेटंट कार्यालयाच्या निर्णयांवरील अपिले उच्च न्यायालयात जातात आणि तेथे युक्तिवादाला वकीलच लागतो. धारवाडचे खंडपीठ आपल्याला जवळच आहे.

चेन्नई फेरी
वकीलसाहेब, या अपिलांशी धारवाडचा संबंध नाही. कर्नाटकातील अर्ज चेन्नई कार्यालयाच्या कक्षेत येतात आणि त्यांवरील अपील मद्रास उच्च न्यायालयात जाते. पलीकडे चंदगडात राहणाऱ्या अर्जदाराचे कार्यालय मात्र मुंबई. सीमाप्रश्नाने येथेही आपली पाठ सोडलेली नाही.

निपाणीकर
आमच्याकडे आजीच्या काळापासून काविळीवर एक काढा देतात. त्याच्या पेटंटला किती खर्च येईल?

खानापूरचा वकील
पारंपरिक ज्ञानावर कलम ३(पी) नुसार पेटंट मिळत नाही. कृपया वेगळा धागा काढावा.

शहापूरची सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ
मी याच वाटेने आले. परीक्षेपेक्षा अवघड गेले ते लिहिण्याची जुनी सवय मोडणे. शोधनिबंधात आपण ‘३७ अंश तापमान, सामू (पीएच) ६.८’ असे नेमके लिहितो. दाव्यातही, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या अर्जाच्या भागातही, तसेच लिहिले, तर प्रतिस्पर्धी सामू थोडा बदलून मोकळा होतो, आणि व्याप्ती फार सैल सोडली, तर पेटंट कार्यालयाचा परीक्षक हे आधीच माहीत होते असे दाखवणाऱ्या जुन्या संदर्भांवर बोट ठेवतो. औषधांच्या बाबतीत कलम ३(डी) आडवे येते: माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला परिणामकारकता वाढल्याशिवाय पेटंट नाही. नोव्हार्टिस या औषध कंपनीचा ग्लिवेक या कर्करोगावरील औषधासंबंधीचा अर्ज २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावरच अडला. नव्या स्फटिकरूपाची जैवउपलब्धता (औषध रक्तात पोहोचण्याचे प्रमाण) सुमारे ३० टक्क्यांनी वाढते, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु तेवढ्यावरून उपचारातील परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. कोणती आकडेवारी पुरेशी आहे आणि कोणती नाही, हे ओळखण्यासाठी आपली नऊ वर्षे कामी येतील. माझ्या मते प्रवेशाचा विचार बाजूला ठेवून आधी ड्राफ्टिंग, म्हणजे पेटंटचा मसुदा लिहिणे, शिकावे.

अनगोळकर
सांगायचे राहिले, माझी पदवी एमएस्सी आहे. नोकरी सोडणार नाही. उलट कंपनीनेच मला आपल्या पेटंट विभागात घेण्याची तयारी दाखवली आहे.

खानापूरचा वकील
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते! पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, आणि एलएलबीला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. ती आपण कशी भरणार?

चेन्नई फेरी
म्हणजे आपण माझ्याशी सहमत आहात.

खानापूरचा वकील
या प्रकरणापुरता.

अनगोळकर
शुक्रवारचा अर्ज सोडून देतो. परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका कोठे मिळतील?

शहापूरची सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ
पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत. मसुदालेखनाची दुसरी पत्रिका आधी घ्यावी आणि घड्याळ लावून सोडवावी. एखादा दावा लिहून येथे टाकलात, तर मी तपासून देईन. मात्र तो कंपनीच्या चालू कामातील नसावा. येथे प्रसिद्ध झाला, की पेटंटसाठी लागणारी त्याची नवीनता संपली.