एसपी-८९ घेताना काय काय तपासावे?

डॅलसकर:
इथल्या (टेक्सास) एका दुकानात हेकलर अँड कॉखची एसपी-८९ ही पिस्तूल विक्रीला आली आहे. दुकानदार 'अस्सल जर्मन, जवळपास न वापरलेली' म्हणतो. पुढे उभा दस्ता (दुसऱ्या हाताने धरायची मूठ) बसवलेला आहे. किंमत बघता आधी नीट तपासायची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पुढेमागे पुण्याला नेता येईल का?

रोलरवाला:
ही मुळात एमपी-५के सबमशीनगनचीच अर्धस्वयंचलित आवृत्ती. नळी जेमतेम साडेचार इंच, वजन रिकामी असताना साधारण २ किलो. चकाकीवर जाऊ नका, बोल्ट गॅप मोजा, म्हणजे काडतुसामागे बसणाऱ्या बोल्टचे डोके आणि त्याला धरणारा कॅरियर यांच्यातली फट. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहा. बोल्ट पुढे सोडा, चाप ओढून हॅमर पाडा. मग मॅगझिनच्या जागेतून बोल्टचे डोके आणि कॅरियर यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ०.२५ ते ०.५० मिमी हवे.

पण नुसत्या आकड्यावर खूश होऊ नका. वापराने झीज होऊन गॅप कमी झाला की काही जण जाड रोलर (बोल्टच्या डोक्यातले, त्याला अडवून धरणारे छोटे दंडगोल) घालून तो वर आणतात. मूळ रोलर ८.०० मिमीचे, बदलीचे ८.०२ किंवा ८.०४. म्हणून बोल्ट उघडून रोलर मायक्रोमीटरने मोजा. जाड निघाले तर 'न वापरलेली' ही थापच. बोल्टच्या डोक्याची मागची बाजू घासलेली दिसली तर सरळ उठून या.

मागच्या कॅपमधला बफरही (बोल्टचा धक्का झेलणारा मऊ तुकडा) दाबून बघा, जुना झाला की त्याचे तुकडे पडतात. तो बदलता येतो, त्यासाठी सौदा मोडू नका.

शिक्का_संग्राहक:
साल शिक्क्यावरून कळते. जर्मनीतल्या उल्म शहराच्या चाचणीगृहाचा हरणाच्या शिंगाचा शिक्का शोधा, त्याच्या शेजारी दोन अक्षरे असतात. ए म्हणजे ०, बी १, असे आयपर्यंत ८. जे गाळून के म्हणजे ९. 'आयके' असेल तर १९८९, 'केबी' असेल तर १९९१.

उभ्या दस्त्याबद्दल मात्र सावध. कारखान्यातून ही तशी येत नाही. पुढच्या आवरणाला फक्त बोट नळीसमोर जाऊ नये म्हणून ओठ असतो. नोंदणीशिवाय पिस्तुलाला उभा दस्ता लावणे १९३४ च्या फेडरल कायद्यात बसत नाही. खांद्याला टेकवायचा दस्ता लावला तर ती आखूड नळीची रायफल ठरते, तिचीही नोंदणी लागते. मूळ आवरण सोबत मिळत नसेल तर किंमत पाडून मागा, आणि कागद न बघता पैसे देऊ नका.

नेमबाज:
चेंबरला लांबीच्या दिशेने खाचा आहेत, त्यामुळे रिकाम्या पुंगळीवर काळे पट्टे उमटतात. तो बिघाड नव्हे. लाखेचा थर असलेली काडतुसे आणि उघड्या शिशाच्या गोळ्या टाळा; खाचा बुजल्या की पुंगळी अडकते. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे थांबत नाही, ही रचनाच तशी. बोल्ट मागे ओढायचे हँडल वरच्या खाचेत अडकवून मॅगझिन बदला आणि मग ते जोरात सोडा. हाताने हळूहळू पुढे नेलेत तर बोल्ट पुरता बसत नाही, आणि लोक उगाच बंदुकीला नावे ठेवतात.

पुण्याचे विसरा. हिची काडतुसे ९ मिमीची, आणि ९ मिमी भारतात निषिद्ध बोअर (सामान्य नागरिकाला परवाना न मिळणारा व्यास) आहे.