बिझनेस कम्युनिकेशन पेपरात येतं, प्रत्यक्षात येत नाही. कसं शिकायचं?

वाणिज्य_दुसरं_वर्ष

नमस्कार. मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बिझनेस कम्युनिकेशनच्या पेपरात मला छान मार्क आहेत. सेंडर, एन्कोडिंग, चॅनल, नॉइज, रिसीव्हर, फीडबॅक ही संवादाची आकृती झोपेतून उठवलं तरी काढून दाखवीन. चांगल्या संदेशाचे सात गुण, म्हणजे सात सी, तोंडपाठ आहेत.

पण प्रोजेक्टसाठी एका कंपनीला ईमेल लिहायची वेळ आली तेव्हा अख्खी संध्याकाळ गेली आणि उत्तर आलंच नाही. फोन करायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. आम्ही पाच जण एका गटात आहोत, आमच्या बैठकीत मी जवळजवळ गप्पच असते. बोलायला तोंड उघडावं तोवर विषय पुढे गेलेला असतो.

दोन शंका आहेत. पैसे भरून एखादा कोर्स करावा का? आणि वर्गात शिकवलं होतं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली. तसं असेल तर मी शब्दांवर एवढी डोकेफोड का करतेय?

स्लाइडवाला

कोर्स कर, सर्टिफिकेट रेझ्युमेवर दिसतं. रोज आरशासमोर दहा मिनिटं बोल, रेकॉर्ड करून ऐक. आत्मविश्वास आला की बाकी सगळं आपोआप येतं.

टिपणवही

आत्मविश्वास आधी येतो आणि मग काम जमतं, असं मी तरी पाहिलेलं नाही. आरसा उलटून काही विचारत नाही, ही त्याची मुख्य अडचण. असो.

मी आयुष्यभर कंपन्यांच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली आणि साहेबांची पत्रं तयार केली, त्यामुळे या विषयावर मला बरंच बोलायचं आहे. चहा घेऊन बस.

आधी तुझी ती आकृती. तिचा मूळ नकाशा क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या लेखातला. ते बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता की तारेतून संदेश पाठवताना मध्ये खरखर शिरते, तरी पलीकडे तो जसाच्या तसा कसा पोहोचवायचा. संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही, असं त्यांनी लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं आहे. पुढे बिझनेस कम्युनिकेशनच्या पुस्तकांनी ती आकृती उचलली आणि तिच्यात फीडबॅकचा बाण जोडला. टेलिफोनसाठी आकृती उत्तम आहे. तिच्यावरून ईमेल लिहिता येत नाही यात तुझा काही दोष नाही.

आता ९३ टक्के. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून आले. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवायचे, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरंच सांगतो, तेव्हा लोक भावना कशावरून ओळखतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. भावना आणि आवडीनिवडी सोडून इतर बोलण्याला हे आकडे लावू नयेत, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. पण आकडा गुळगुळीत आहे आणि स्लाइडवर शोभून दिसतो, म्हणून फिरत राहतो. माल कोणत्या तारखेला पोहोचणार, बिलात चूक कुठे आहे, हे भुवया उंचावून सांगता येतं का ते करून बघ. आणि ईमेलला तर चेहराच नसतो. तुझी डोकेफोड योग्य जागी चालली आहे.

कोर्सला पैसे घालू नकोस. टोस्टमास्टर्सचा, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांचा, क्लब जवळ असेल तर एकदा पाहुणी म्हणून जाऊन ये. १९२४ पासून चालत आलेली संस्था आहे. पाच ते सात मिनिटांचं भाषण असतं, वेळ संपत आली की हिरवी, पिवळी, लाल खूण होते, आणि कोण किती वेळा ‘अं’ म्हणालं हे मोजायला एक जण खास नेमलेला असतो. सभाधीटपणासाठी चांगलं आहे. पण समोरच्याकडून काम कसं करून घ्यायचं, ते भाषणातून शिकता येत नाही.

ते जिथे शिकता येतं त्या कामावर सहसा कोणी हक्क सांगत नाही. तुमच्या गटाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम मागून घे. गट नसेल तर स्नेहसंमेलनाची समिती, वाचनालय मंडळ, कसलंही चालेल. ‘मी लिहिते’ म्हटलंस की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील.

लिहिताना एकच पाळायचं: काय ठरलं ते लिहायचं, कोण काय म्हणालं ते नाही. नियम माझा नाही. हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या अमेरिकी लष्करी अभियंत्याने १८७६मध्ये सभाशास्त्राची नियमावली छापली, तिच्या परंपरेत हा दंडक आजही आहे. ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात अर्धा तास असं काहीसं कानावर पडतं: ‘सर्वेक्षण करायला हवं यार’, ‘हो ना, पण परीक्षेच्या आधी’, ‘फॉर्म बनवू या मग’, ‘प्रश्न कमीच ठेवा हं’. तू कागदावर काय उतरवणार? ‘सर्वेक्षणाबाबत चर्चा झाली’ असं लिहिलंस तर ते कागद वाया घालवणं. लिहायचं असं: ‘दहा प्रश्नांचा फॉर्म अमुकने शुक्रवारपर्यंत गटावर टाकायचा.’ आता यातला ‘अमुक’ कोण आणि ‘शुक्रवार’ कुठला, हे कोणी बोललेलंच नाही. म्हणजे तुला विचारावंच लागतं: ‘थांबा, मी काय लिहू? फॉर्म कोण करणार? कधीपर्यंत?’

तू म्हणतेस की तोंड उघडेपर्यंत विषय पुढे जातो. लिहिणारीला विषय अडवायचा अधिकार असतो, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या कितीतरी मुली, मुलगेही, बैठकीत बोलायला शिकले ते याच एका प्रश्नावर. विद्वत्ता दाखवायची नसते, मत द्यायचं नसतं, फक्त ‘कोण आणि कधी’ विचारायचं. थोड्या दिवसांनी तुझ्या लक्षात येईल की बैठक तूच पुढे नेते आहेस.

इतिवृत्त दुसऱ्या दिवसाच्या आत सगळ्यांना पाठव. एका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस. मग कोणीतरी उसळून लिहील, ‘मी शुक्रवार म्हटलंच नव्हतं!’ घाबरायचं नाही. पुस्तकातला फीडबॅकचा बाण तो हाच. दुरुस्ती करायची आणि सुधारलेली प्रत पुन्हा पाठवायची. आपलं वाक्य दुसऱ्याला कुठे टोचतं, कुठे दोन अर्थ निघतात, हे एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

आणि ती ईमेल इथे टाक बरं. कंपनीचं नाव काढून.

वाणिज्य_दुसरं_वर्ष

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. ईमेल इंग्रजीत होती, साधारण अशी:

विषय: विनंती

आदरणीय महोदय/महोदया, सर्वप्रथम आपणांस नम्र अभिवादन. मी वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षात शिकणारी विद्यार्थिनी असून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आम्हांस एक प्रकल्प सादर करावयाचा आहे. आपली कंपनी या क्षेत्रात अग्रगण्य असल्याने आपणांकडून मौल्यवान माहिती प्राप्त झाल्यास आम्ही आपले अत्यंत ऋणी राहू. तरी आपल्या सोयीनुसार योग्य ते सहकार्य करावे, ही विनंती. आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.

टिपणवही

व्याकरणात एकही चूक नाही. आता तू त्या खुर्चीत बस आणि सांग, ही वाचून तू नेमकं काय करशील? ‘मौल्यवान माहिती’ कोणत्या कपाटात असते? तुम्हाला खरंच काय हवं होतं?

वाणिज्य_दुसरं_वर्ष

ग्राहकांच्या तक्रारी त्यांच्याकडे कशा येतात, उत्तर कोण देतं आणि किती वेळात. बस, एवढंच.

टिपणवही

अगं, मग हेच लिहायचं! बघ:

विषय: ग्राहक-तक्रारींबद्दल तीन प्रश्न (विद्यार्थी प्रकल्प, १५ तारखेपर्यंत)

नमस्कार,
तुमच्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी कशा हाताळतात, याबद्दल तीन प्रश्न आहेत.
१. तक्रारी जास्त कशावर येतात: फोन, ईमेल की ॲप?
२. पहिलं उत्तर कोणता विभाग देतो?
३. किती वेळात उत्तर द्यायचं, याचा काही नियम आहे का?
एकेका ओळीचं उत्तरही पुरेल. हे उत्तर फक्त आमच्या महाविद्यालयीन अहवालासाठी आहे आणि त्यात कंपनीचं नाव देणार नाही. हे काम दुसऱ्या विभागाकडे असेल तर त्यांचा ईमेल पत्ता कळवलात तरी मदत होईल.
(खाली नाव, वर्ग, महाविद्यालय, फोन)

तू कोण, तुझा अभ्यासक्रम काय, हे वरून उचलून तळाशी सहीत नेलं. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत तुझी ओळख नको असते, त्याला ‘माझ्याकडून काय पाहिजे’ एवढं कळायला हवं असतं. नाव देणार नाही, ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. नोकरदार माणूस उत्तर टाळतो तो आळसाने कमी आणि ‘उद्या हे माझ्या अंगाशी आलं तर?’ या धास्तीने जास्त. पण लिहिलंस तर पाळायचं, अहवालात खरंच नाव टाकायचं नाही. शेवटची ओळ त्याला सुटायला वाट देते: उत्तर देता येत नसेल तर निदान पत्ता तरी दे. ‘ऋणी’ वगैरे गाळलं म्हणून उद्धटपणा होत नाही. समोरच्याचा वेळ वाचवलास, आदर त्यातच आला.

ही पाठवून दोन दिवस थांब आणि मग सरळ फोन लाव.

खरेदी_विभाग

फोनच्या बाबतीत टिपणवहीताईंशी मी सहमत नाही. मी अशा ईमेल रोज घेणाऱ्या बाजूला बसतो. अनोळखी नंबरचा फोन मी कामाच्या मध्यात उचलत नाही, आणि उचललाच तर वैतागलेला असतो. त्यापेक्षा चार-पाच कामाच्या दिवसांनी त्याच ईमेलच्या खाली दोन ओळींची आठवण करा. नवी ईमेल सुरू करू नका, मला जुनी शोधायला लागते. आम्ही बहुतेक वेळा मोबाइलवर वाचतो, त्यामुळे लांब विषय अर्ध्यातच तुटतो. ‘ग्राहक-तक्रारींबद्दल तीन प्रश्न’ हे आधी ठेवलंय ते बरोबर.

आणखी एक. एकच ईमेल वीस कंपन्यांना पाठवताना सगळे पत्ते ‘टू’मध्ये घालणारे विद्यार्थी असतात. तसं दिसलं की मी उत्तर देतच नाही, म्हणतो बाकीचे एकोणीस देतील. पाठवायची घाई होत असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत ५ वरून ३० सेकंदांवर नेऊन ठेवा.

टिपणवही

आठवणीच्या ईमेलचं मान्य, तीच आधी करावी. पण फोन अजिबात सोडू नये, कारण हिला ईमेलच्या उत्तराबरोबर फोनही शिकायचा आहे. कंपनीचा स्वागतकक्षाचा नंबर लावायचा, थेट कोणाच्या मोबाइलवर नाही. तिथे बसलेल्या व्यक्तीचं कामच फोन घ्यायचं असतं, ती वैतागत नाही. विचारायचं इतकंच: ‘ग्राहक-तक्रारींचं काम कोणता विभाग बघतो, आणि त्यांना ईमेल कुठे करू?’ पूर्ण संभाषण लिहून काढू नकोस, वाचून दाखवल्यासारखं होतं. पहिलं वाक्य आणि हा प्रश्न एवढंच कागदावर. समोरून जो पत्ता सांगतील तो एकेक अक्षर परत म्हणून दाखव.

स्लाइडवाला

मग प्रेझेंटेशनचं काय? नोकरीत तेच विचारतात. स्लाइडशिवाय चालत नाही.

टिपणवही

ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. जास्तीत जास्त सहा पानांचं टिपण लिहून आणायचं आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते गुपचूप वाचायचं. प्रत्येक ठिकाणी हे चालणार नाही आणि तुला स्लाइड कराव्या लागतीलच. पण मुद्दा धड वाक्यात मांडता येत नसेल तर तो बुलेटच्या आड लपवता येतो, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. आधी वाक्य लिही, मग वाटल्यास त्याची स्लाइड कर.

वाणिज्य_दुसरं_वर्ष

ईमेल नव्याने पाठवली, या वेळी प्रत्येक कंपनीला वेगळी. आणि गटात इतिवृत्ताचं विचारलं तर खरंच सगळे लगेच हो म्हणाले! कालच पहिली बैठक झाली. मार्गदर्शक सरही आले होते. एक अडचण आहे: एका मुलाने आकडेवारी आणली नव्हती म्हणून सर त्याला सगळ्यांसमोर बरंच बोलले. हे लिहायचं का? न लिहिलं तर अपूर्ण वाटतं.

टिपणवही

बोलले ते नाही लिहायचं. ‘आकडेवारी सादर झाली नाही. ती अमुक तारखेपर्यंत द्यायची’ एवढंच, आणि त्याचं नाव जबाबदारीच्या रकान्यात, बाकीच्यांची नावं येतात तसंच. तारीख ठरली नसेल तर आधी त्या मुलाला विचार, त्याला जमेल ती घे, मग सरांना दाखव. वर ‘मसुदा’ लिहायला विसरू नकोस, आणि गटावर टाकण्याआधी सरांकडून होकार घे.