मदत हवी आहे: गिटारसाठी १५ वॉटचा छोटा ट्यूब अँप की १०० वॉटचं हेड?

मंडळी, सल्ला द्या. सेकंडहँड मार्शल जेसीएम८०० २२०३ हेड (स्पीकर नसलेला अँप) मिळतंय: १०० वॉट, चार ईएल३४ पॉवर ट्यूब (आवाजाला ताकद देणाऱ्या व्हॅक्यूम नळ्या). त्याच बजेटमध्ये ऑरेंजचा टायनी टेरर घेऊन वर पैसे उरतात. त्यात दोन ईएल८४, १५ वॉट, बटण खाली केलं की ७. मन मार्शलकडे धावतंय, पण राहतो फ्लॅटमध्ये, आणि खालच्या काकू मिक्सर लावला तरी वर येतात.

वॉट दहापट झाले तरी फरक १० डेसिबलचाच, कानाला साधारण दुप्पट. म्हणजे १५ वॉटचाही घरात पूर्ण उघडता येणार नाहीच. तरी पॉवर ट्यूब ताणल्यावर येणारी ती जाडसर करकर छोट्यात निदान लवकर येईल ना?

खरी अडचण क्लीन टोनची, म्हणजे न फाटणाऱ्या स्वच्छ आवाजाची. आमचा ड्रमर हाताने जड (सांगून काही उपयोग नाही). १५ वॉटमध्ये क्लीन त्याच्यासमोर टिकेल, की फाटायला लागेल? कॅबिनेट १६ ओहमचं, दोन १२ इंची स्पीकरचं आहे. छोट्या अँपला माइक लावून पीएमधून (कार्यक्रमाच्या साउंड सिस्टीममधून) वाजवणारे कुणी आहेत का? आणि १०० वॉटवाल्यांनो, अटेन्युएटर (अँपमधून स्पीकरला जाणारी ताकद कमी करणारा डबा) लावून घरी समाधान होतं का, तेही खरं सांगा.