मुलाखतींत जागेविषयीही विचारावे

नाटककार-दिग्दर्शकांच्या मुलाखती आशयापाशीच थांबतात, असा एक आक्षेप आहे आणि तो मला मनापासून पटतो. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४मध्ये दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले, तेव्हा प्रेक्षक नटांच्या इतके जवळ आले की आवाजाची पट्टी, हालचाली आणि नेपथ्य यांचा नव्याने विचार करणे भागच होते. अशा जागेसाठी लिहिताना संहितेतले काय गाळले, कोणत्या प्रसंगावरून लेखक आणि दिग्दर्शक यांचे मतभेद झाले, हे दोघांना एकत्र बसवून विचारले पाहिजे. तालमीची जागा आणि तिचे भाडे (मुंबईत हा प्रश्न फार मोठा आहे) यांविषयीही सविस्तर बोलते करावे, कारण पात्रांची संख्या अनेकदा तिथेच ठरते.