'स्यात्' म्हणजे 'कदाचित' का?

प्रश्न : सोलापुरातल्या आमच्या वाचनमंडळात स्याद्वादावर, म्हणजे प्रत्येक विधानाला 'स्यात्' जोडण्याच्या जैन विचारावर, बोलणं निघालं. हाताशी होती त्या पुस्तिकेत 'स्यात् अस्ति' याचा अर्थ 'कदाचित आहे' असा दिलाय. तसं असेल तर स्याद्वाद हा संशयवादच झाला ना? आणि 'शायद' यातूनच आला का?

उत्तर : शेवटचं आधी. 'शायद' फारसीतून आलेला आहे. 'स्यात्'शी त्याचं फक्त कानाला जाणवणारं साम्य आहे, पण त्यामुळेच 'कदाचित' हा अर्थ लोकांना पटकन पटतो.

तो अर्थ चुकीचाच आहे. जैन तर्कग्रंथांत हे वाक्य पुष्कळदा 'स्यात् अस्ति एव' असं येतं. 'एव' म्हणजे आपला 'च'. आता मराठीत म्हणून पाहा : 'कदाचित आहेच.' वाक्य उभंच राहत नाही. 'या अंगाने पाहता आहेच' म्हटलं की लगेच अर्थ लागतो. 'स्यात्' विधानाला डळमळीत करत नाही, त्याची हद्द आखून देतो, आणि त्या हद्दीत विधान पक्कं असतं.

ही हद्द द्रव्य, क्षेत्र (ठिकाण), काळ आणि भाव (गुण-अवस्था) या चार बाजूंनी पडते. ग्रंथांत उदाहरण घड्याचं असतं, आपण चादरीचं घेऊ. सुताची म्हणून ती आहे, रेशमाची म्हणून नाही. सोलापूरची म्हणून आहे, पानिपतची म्हणून नाही. आज मागावरून उतरलेली म्हणून आहे, आजीच्या काळातली म्हणून नाही. यात शंका कुठे आली? 'आहे' आणि 'नाही' दोन्ही ठाम आहेत, फक्त कशाच्या संदर्भात ते सांगावं लागतं. जीवराज जैन ग्रंथमालेतून जुने प्राकृत-संस्कृत ग्रंथ संपादून छापणारं आपलं गाव. निदान इथे तरी 'कदाचित' चालू नये असं मला मनापासून वाटतं.

संशयाचा आक्षेप मात्र जुना आहे. ब्रह्मसूत्र २.२.३३ वरच्या भाष्यात शंकराचार्यांनी तो घेतला आहे : ज्याचं स्वरूपच अनिश्चित, ते ज्ञान प्रमाण कसं? स्याद्वादी म्हणेल, अनिश्चित काहीच नाही, अपेक्षा, म्हणजे पाहण्याची अंगं, वेगळी आहेत. माझं मत त्याच्या बाजूने.

शंका : मग 'असेल' का नको? आमच्याकडे 'हाय का?' विचारलं की 'असंल की' म्हणतात, त्यात नकार नसतो.

उत्तर : व्याकरणाने तुमचं बरोबर आहे. 'स्यात्' हे 'अस्' धातूचं विधिलिंगी रूप आहे, म्हणजे 'असावं, असेल'. पण जैन आचार्य समंतभद्र 'आप्तमीमांसे'त या वाक्यांतला 'स्यात्' क्रियापद न मानता निपात (अव्यय) मानतात, अनेकान्त, म्हणजे वस्तूला अनेक अंगं असतात हे, सुचवणारा. 'असंल की' म्हणणाऱ्याने आत जाऊन पाहिलेलं नसतं. 'स्यात्' म्हणणाऱ्याने पाहिलेलं असतं.

तिथेच ते आणखी एक फार मोलाची गोष्ट सांगतात. हा 'स्यात्' केवलींच्या वचनालाही लागतो. केवली म्हणजे ज्याला सगळं कळलं तो! त्यालाही 'स्यात्' कशासाठी? कारण मर्यादा इथे जाणण्याची नाही, बोलण्याची आहे. वस्तूला अनंत धर्म (गुणविशेष) असतात, वाक्य एका वेळी एकच पुढे आणतं. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट इथे सांगतात, पण ती मला अपुरी वाटते. तिथे डोळस माणसाला अडचणच उरत नाही, आणि इथे डोळसालाही बोलायचं तर अंग निवडावंच लागतं.

याच कारणाने सप्तभंगीतल्या, म्हणजे 'स्यात्' लावून होणाऱ्या सात प्रकारच्या विधानांतल्या, 'अवक्तव्य'चं भाषांतर 'अज्ञेय' करू नये. 'आहे' आणि 'नाही' एकाच वेळी, सारख्याच मुख्यतेने सांगणारा शब्द नाही, एवढंच त्यात म्हटलंय. 'सांगता येत नाही' हेही टाळा, कारण पाऊस पडेल का विचारल्यावर आपण तेच उत्तर देतो. 'एका शब्दात न मावणारं' लांब आहे, पण अर्थ धरून आहे. 'स्यात्'साठी जुना पर्याय 'कथंचित्', आणि मंडळात वाचून दाखवायचं असेल तर 'या अंगाने'.