सामना ‘फॉरफिट’ केला : मराठीत नेमकं काय म्हणायचं?

दुभाष्या

आफ्रिकेतल्या क्लब फुटबॉलवरचा एक लेख मराठीत आणतोय. विषय चॅम्पियन्स लीगचा २०१८-१९ चा हंगाम. शेवटच्या दोन परिच्छेदांत अडकलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : अंतिम फेरीत ट्युनिसची एस्पेरान्स आणि मोरोक्कोतल्या कासाब्लांकाची विदाद. पहिला लेग (दोन सामन्यांतला पहिला) रबातला, १-१. दुसरा ३१ मे २०१९ ला ट्युनिसजवळच्या रादेसला. युसेफ बेलायलीच्या गोलमुळे एस्पेरान्स १-० पुढे. ५९ व्या मिनिटाला विदादच्या वलीद अल कार्तीनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला, पण ऑफसाइड म्हणून गोल नाकारला. विदादवाले म्हणाले, व्हीएआरवर (म्हणजे पंचांच्या मदतीच्या व्हिडिओवर) बघा. तर व्हीएआर बंद! खेळाडू खेळायला तयार होईनात. बराच वेळ, तासाहूनही जास्त, नुसती हुज्जत. शेवटी गांबियाचे पंच बकारी गसामा यांनी सामना संपल्याची शिट्टी वाजवली आणि एस्पेरान्सनं करंडक उचलला.

मूळ लेखात म्हटलंय की सामना ‘अबँडन’ झाला आणि विदादनं तो ‘फॉरफिट’ केला. मी ‘सामना अर्धवट राहिला आणि एस्पेरान्सला पुढे चाल मिळाली’ असं लिहिलं. संपादकबाईंनी ‘पुढे चाल’वर लाल फुली मारली. त्यांचं म्हणणं, समोरचा आलाच नाही तरच पुढे चाल. बरोबर आहे का हे?

खांबापाशी

बाईंचं शंभर टक्के बरोबर. मी खो-खोवाला. जिल्हा स्पर्धेला समोरच्या संघाची एसटी चुकली की पंच घड्याळ बघत थांबायचे आणि मग पुकारा व्हायचा, अमुक संघाला पुढे चाल. ना नाणेफेक, ना पाठलाग. विदाद तर आली, घाम गाळला, गोलही मारला (मोजला नाही हा भाग वेगळा).

दुसरं म्हणजे अंतिम सामन्यात ‘पुढे’ चालून जाणार कुठे? पुढे फेरीच नाही.

सांजवात

इतकं ताणू नका हो. टेनिसमध्ये दुसऱ्या सेटला कुणाचा पाय मुरगळला आणि त्यानं सोडून दिलं, तरी क्रीडापानावर ‘प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल’ असंच छापून येतं. लोक वापरतात तो अर्थ. शब्द काय एसटी चुकण्यापुरता राखून ठेवलाय का?

आणि अंतिम फेरीत पुढे चाल मिळू शकत नाही हेही खरं नाही. याच स्पर्धेच्या जुन्या अवतारात, १९६७ मध्ये, मिळालीय. काँगोची टीपी एंगलबेर आणि घानाची असांते कोटोको. दोन्ही सामने बरोबरीत, १-१ आणि २-२. निर्णायक सामना कॅमेरूनमध्ये ठरला आणि कोटोको तिथे पोचलीच नाही. तारखेचा निरोप घानाच्या फुटबॉल संघटनेकडेच अडकला म्हणतात. एंगलबेर विजेती. आता बोला, याला काय म्हणाल?

खांबापाशी

त्याला पुढे चालच म्हणेन. न येणं म्हणजे न येणं. तुम्ही माझाच मुद्दा भक्कम केलात, आभार.

सांजवात

पण आत्ताच तुम्ही म्हणालात की पुढे फेरी नसते...

शुद्धमती

मुळात ‘फॉरफिट’, ‘अबँडन’, ‘लेग’ हे सगळं देवनागरीत लिहून आपण चर्चा कसली करतोय? मराठीत प्रतिशब्द घडवायची धमक राहिली नाही का? ‘परित्यक्त सामना’ म्हणा. अर्थ स्वच्छ, घडण शुद्ध.

टिंबटिंब

परित्यक्त सामना! म्हणजे बिचाऱ्या सामन्याला नवऱ्यानं टाकलंय आणि तो पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय.

शुद्धमती

हसा. सावरकरांच्या ‘महापौर’ला आणि ‘दिनांक’लाही हसले होते लोक. आज ते शब्द तुम्हीच अर्जावर लिहिता.

कोर्टपायरी

पोटगीचा विषय निघालाच आहे तर माझी हजेरी. फॉरफिटला सरकारी कायद्याच्या मराठीत ‘समपहरण’ आहे. मालमत्तेचं समपहरण. रोजच्या बोलण्यात आपण ‘जप्त’ म्हणतो, जसं उमेदवाराची अनामत जप्त. पण दोन्ही इथे बसत नाहीत, कारण त्यात हिरावून घेणारा दुसरा असतो. खेळातल्या फॉरफिटमध्ये ज्याचं जातं त्याच्याच वागण्यानं जातं.

पण दुभाष्या, तुमची खरी अडचण त्या शब्दात नाही, आधीच्यात आहे. ‘अर्धवट राहिला’ असं लिहिलंत तेव्हा तुम्ही कर्ता गायब केलात. सामना काय आपसूक राहिला? रादेसनंतर वर्षभर जे भांडण चाललं ते नेमकं या कर्त्याचं होतं. जून २०१९ मध्ये आफ्रिकी महासंघाच्या, म्हणजे काफच्या, कार्यकारी समितीनं ठरवलं की दुसरा लेग त्रयस्थ मैदानावर पुन्हा खेळवायचा. मराठीत सांगायचं तर त्यांनी सामना ‘तहकूब’ धरला. कुणी सोडला नाही, कुणाचा दोष नाही, परिस्थितीमुळे थांबला. दोन्ही क्लब स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेले. ३१ जुलैला लवादानं तो निर्णयच बाजूला ठेवला. असा निर्णय द्यायचा अधिकार कार्यकारी समितीला नाही, एवढंच म्हटलं. विजेता कोण हे काही सांगितलं नाही. मग ऑगस्टमध्ये काफच्या शिस्तपालन मंडळानं निकाल दिला की विदादनं सामना ‘सोडला’, म्हणून हरली. त्यावरचं विदादचं अपील लवादानं सप्टेंबर २०२० मध्ये फेटाळलं.

म्हणजे ‘तहकूब झाला’ लिहिलंत तर तुम्ही जूनच्या बाजूचे आणि ‘सोडला’ लिहिलंत तर ऑगस्टच्या. इंग्रजीत ‘अबँडन्ड’ म्हणून दोन्ही दगडांवर पाय ठेवता येतो. मराठी क्रियापद विचारतं, कुणी?

दुभाष्या

हे फार मोलाचं सांगितलंत. लेखक मोरोक्कोच्या बाजूला जरा कललेला आहे, त्यामुळे ‘विदादनं सामना सोडला’ असं मी लिहिलं तर त्याच्या तोंडी भलतंच वाक्य जाईल.

पेठेतला

कोल्हापूरला या की राव. शाहू स्टेडियमवर आमच्या तालमींचे सामने बघा, सगळे शब्द फुकट मिळतील. संघ पंचाशी भांडून बाहेर गेला तर ‘मैदान सोडलं’. पब्लिकनं दगड-बाटल्या टाकल्या तर ‘सामना बंद पाडला’. आणि ‘सोडवला’ म्हणजे तिसरंच. ते कुस्तीतनं आलंय. दोघं मल्ल निकाली होईनात, अंधार पडला, तर कुस्ती बरोबरीत सोडवायची. त्यामुळं ‘सामना सोडला’ आणि ‘सामना सोडवला’ यात एका ‘व’चा फरक आणि अर्थ पार उलटा. छापताना बघून घ्या.

दुभाष्या

पण विदादनं मैदान सोडलंच नाही ना! खेळाडू तिथेच होते. खेळत मात्र नव्हते.

पेठेतला

मग ‘अडून बसले’. विषय संपला.

खांबापाशी

रडीचा डाव खडी.

सांजवात

कोण रडी? गोल नाकारला गेलेला की यंत्र बंद ठेवून अंतिम सामना खेळवणारा? रबातच्या पहिल्या लेगमध्येही व्हीएआरवरून बोंब झालीच होती. तिथले इजिप्तचे पंच जिहाद ग्रिशा यांना काफनं नंतर सहा महिन्यांसाठी बाजूला केलं. ज्यांचा एकदा हात पोळलाय ते दुसऱ्या वेळी यंत्र दाखवा म्हणणारच. आणि तो गोल दिला असता तर एकूण २-२, परक्या मैदानावरचे गोलही सारखे, म्हणजे बरोबरी. सगळं उघडं होतं. ‘रडी’ म्हणायला जीभ जरा जास्तच सैल सुटली तुमची.

दारेसलामकर

नोकरीनिमित्त टांझानियात होतो, तो हंगाम तिथे जगलोय. पेठेतल्यांच्या ‘बंद पाडला’चं उदाहरणही याच हंगामात आहे. जानेवारी २०१९, इजिप्तची इस्माइली आणि ट्युनिसचा क्लब आफ्रिकॅन. यजमान मागे पडले, प्रेक्षकांतून बाटल्या आल्या, सामना थांबला. इस्माइलीला स्पर्धेतूनच काढलं, मग अपिलात परत घेतलं, आणि तो सामना क्लब आफ्रिकॅनला ३-० दिला. ‘दिला’ हेच क्रियापद तिथे चपखल वाटतं मला. निकाल लागला नाही, दिला.

बाकी तो हंगाम लोक रादेसपुरता लक्षात ठेवतात याचं वाईट वाटतं. आमच्या सिंबा क्लबनं गटात परमुलखात काँगोच्या व्हिटाकडून पाच आणि इजिप्तच्या अल अहलीकडून पाच गोल खाल्ले, पण घरी गटातल्या तिघांनाही हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. अहलीला १-० हरवलं त्या रात्री दार एस सलाममध्ये रस्ते पुढे सरकत नव्हते. त्याच अहलीला पुढे सनडाउन्सनं प्रिटोरियाजवळ ५-० धुतलं. आणि माझेंबेनं क्लब आफ्रिकॅनला आठ, हो आठ, शून्य!

टिंबटिंब

सिंबा म्हणजे सिंह ना? स्वाहिलीत आपला संस्कृत शब्द गेलाय, वाचलं होतं कुठेतरी.

दारेसलामकर

नाही हो. सिंबा म्हणजे सिंह खरंच, पण शब्द तिकडचाच, बंटू घराण्यातला. समुद्राकाठी व्यापारी उतरायच्या आधीपासून तिकडच्या लोकांचे सिंहांशी संबंध असणार, त्याला नाव द्यायला भारतातून शब्द कशाला मागवतील? आपल्याकडून गेलेले शब्द वेगळे : गाडीचं ‘गारी’, लाखाचं ‘लाकी’, चपाती तर जशीच्या तशी.

शुद्धमती

ध्वनिसाम्य आणि अर्थसाम्य दोन्ही असताना निव्वळ योगायोग म्हणणं मला पटत नाही.

कोर्टपायरी

मग कासाब्लांकाच्या ‘राजा’ क्लबलाही छत्रपतींचे वंशज म्हणा.

टिंबटिंब

तो राजा आपला राजा नाही??

कोर्टपायरी

नाही. अरबी ‘रजा’, अर्थ आशा. गंमत पुढे आहे. एस्पेरान्स हे फ्रेंच नाव, अर्थ आशा. ट्युनिसमध्ये लोक तिला अरबीत ‘तराजी’ म्हणतात, आणि तो शब्द त्याच धातूचा. मार्च २०१९ मध्ये दोहाला आफ्रिकी सुपर कप झाला तो या दोघांत, राजा २, तराजी १. आशेनं आशेला हरवलं. विदाद म्हणजे माया, स्नेह. त्यामुळे रादेसला आशा विरुद्ध माया.

सांजवात

अय्या, म्हणजे आपण ऑफिसात टाकतो ती ‘रजा’ पण आशाच? मिळेल अशी आशा!

कोर्टपायरी

छान आहे, पण नाही. आपली रजा ‘रिझा’वरून, म्हणजे संमती. ‘राजी’ तिचंच भावंड. अरबीत दोन्हींचे ‘ज’ वेगळे, मराठीनं एकाच ताटात वाढले.

पेठेतला

आणि तराजी म्हणजे तराजू नव्हे, हेही सांगून टाका एकदाच. न्यायाचा तराजू वगैरे कुणीतरी आणणारच आता.

कोर्टपायरी

तराजू फारसी. संबंध नाही.

शुद्धमती

फारसी-अरबीवर इतकं प्रेम ऊतू जातंय, आणि ‘लेग’ला मात्र कुणी हात लावत नाही. पहिला ‘चरण’, दुसरा ‘चरण’ का म्हणू नये? लेग म्हणजे पायच.

खांबापाशी

चरण हिंदीतून आलाय, निवडणुकीच्या बातम्यांतून. आपल्याकडे मतदानाचा ‘टप्पा’ असतो.

शुद्धमती

चरण हिंदीतून?? ओवीला चरण नसतात?

खांबापाशी

ओवीला असतात. फुटबॉलच्या सामन्याला नाहीत. आणि टप्पा चेंडूला पडतो, त्यामुळे तोही गोंधळाचा. ‘परतीचा सामना’ हा चांगला रूढ शब्द असताना कशाला खटाटोप?

सांजवात

परतीचा सामना दुसऱ्याला झाला. पहिल्याला काय, ‘जाण्याचा’?

दुभाष्या

मंडळी, लेग मी ‘लेग’च ठेवणार आहे. फॉरफिटचं काय? सध्या असं वाक्य केलंय : ‘विदादचे खेळाडू खेळायला तयार झाले नाहीत. पंचांनी सामना थांबवला आणि विजय एस्पेरान्सला दिला.’ शब्दच टाळला.

कोर्टपायरी

‘पंचांनी दिला’ नको. त्या रात्री करंडक दिला, पण विजय ऑगस्टमध्ये मंडळानं दिला. लेखात ती दोन महिन्यांची त्रिशंकू अवस्था आली पाहिजे.

शुद्धमती

‘हक्क गमावला’ म्हणा की. साधं आहे, मराठी आहे.

पेठेतला

हक्क? अहो ‘हक्क’ अरबी.

शुद्धमती

तुम्ही कोल्हापूरकर ना? मग ‘तालीम’ कुठली ते सांगा आधी.